घरातले गाणे

ऐकण्याची साधने आमच्या हयातीत जितक्या वेळा बदलली, तितक्या वेळा घरातले दुसरे काही क्वचितच बदलले असेल. आजोबांच्या काळी चावीचा ग्रामोफोन होता. त्याच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे आणि तेवढ्यात गवयाला आलाप, बोल, ताना सारे आटोपावे लागे. पुढे लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळू लागला. मग कॅसेट आली, मग सीडी आली, आणि आता ज्याला जे हवे ते हातातल्या फोनवर ऐकू येते. प्रत्येक नव्या साधनाबरोबर बाजारातले गाणे जुने बिऱ्हाड सोडून नव्या बिऱ्हाडी गेले. जे गाणे बाजारात कधी आलेच नव्हते, ते मात्र जिथल्या तिथे राहिले. ते मागे राहिलेले गाणे एका जुन्या संगणकाच्या आधाराने आम्ही घरात पुन्हा कसे वाजते केले, आणि तसे करणे आम्हांला का अगत्याचे वाटले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे घर इंदूरचे. होळकरांच्या राज्यात चाकरीच्या निमित्ताने पणजोबा इकडे आले आणि आमची चौथी पिढी माळव्याचीच झाली. माळव्यातल्या मराठी घरांना गाण्याचे वेड असले तर त्यात नवल नाही. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. रजबअली खाँ देवासचे. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले, ते अखेरपर्यंत. १९५५ साली आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले आणि ज्यांना बैठकीला जाणे जमत नसे, त्यांच्या घरी बैठकच चालत आली. आमचे वडील, अण्णा, शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा. तरीही १९७६ साली थकबाकीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी घराला रंग न देता टेपरेकॉर्डर आणला. आई त्यावर काही बोलली नाही. तिने फक्त पुढची दोन वर्षे पाहुण्यांना भिंतींकडे पाठ करून बसवले.

त्या यंत्रावर अण्णांनी पुढच्या वीस वर्षांत जे जमवले त्याच्या एकशेचाळीस कॅसेटी झाल्या. त्यांतल्या निम्म्या दुकानातून घेतलेल्या. उरलेल्या रेडिओवरून उतरवलेल्या, ओळखीच्या घरांतल्या बैठकींच्या आणि काही आमच्या स्वतःच्या घरातल्या. गणपतीची आरती, आजीच्या ओव्या, एका धाकट्या आत्याने चुकत चुकत म्हटलेले भजन, आणि १९८३ च्या श्रावणातली ताईची पहिली मंगळागौर. प्रत्येक कॅसेटीवर अण्णांच्या हातचा कागद: राग, गायक, तारीख. घरच्या ध्वनिमुद्रणांवर केवळ तारीख आणि ‘घरी’ एवढाच शब्द.

आज अण्णा नव्वदीकडे झुकले आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. प्रथम कागदावरची अक्षरे गेली, तेव्हा कपाटातल्या जागेवरून ते कॅसेट ओळखत. मग एकदा साफसफाईत कपाटातला क्रम बदलला आणि तीही खूण गेली. पुढे टेपरेकॉर्डरचा पट्टाच सैल होऊन आवाज लहरू लागला. घरात गाणे लावून देणाऱ्यांची उणीव नव्हती. सौ. लावून देई, आम्ही लावून देत असू. पण अण्णांना नेमके तेच नको होते. जो मनुष्य पन्नास वर्षे स्वतः उठून, स्वतः निवडून गाणे ऐकत आला, त्याला पहाटे पाच वाजता सुनेला हाक मारून ‘जरा भटियार लाव’ असे सांगणे जड जाते. ते सांगत नसत. मागून ऐकण्यापेक्षा न ऐकणे त्यांनी पत्करले होते, आणि घरात गाणे हळूहळू बंद झाले होते.

फोनचा उपयोग नव्हता, कारण काचेवर बोटांना खूण सापडत नाही. बोललेले ऐकून गाणे लावणारे एक यंत्रही चिरंजीवांनी आणून पाहिले. अण्णांनी त्याला शांतपणे, स्पष्ट उच्चारात ‘मारवा’ मागितला. यंत्राने कुठलेसे लग्नाच्या वरातीतले गाणे सुरू केले. अण्णा म्हणाले, “याचे कान कच्चे आहेत,” आणि पुन्हा त्याच्याशी बोलले नाहीत.

२०२० साली चिरंजीवांचे पुण्याचे कार्यालय बंद झाले आणि ते घरून काम करण्यासाठी इंदुरास आले. तेव्हा या प्रश्नाकडे प्रथमच कोणी सवडीने पाहिले. माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी एक संगणक पडून होता. २०१० साली त्यांच्याच शिक्षणासाठी तो घेतला होता. त्यातल्या विंडोज ७ या प्रणालीची देखभाल तिच्या कर्त्यांनी जानेवारी २०२० मध्ये थांबवली होती. भंगारवाला त्याचे जे देऊ करत होता, तेवढ्यात भाजीही आली नसती. चिरंजीवांनी त्याची धूळ झटकली, आतला पंखा साफ केला आणि लिनक्स ही विनामूल्य प्रणाली त्यावर चढवली. जुन्या यंत्राला हिचा भार सोसवतो.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा संगणक पडलेला असेल, म्हणून थोडा हिशेब मांडतो. सीडीवरचे गाणे म्हणजे डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली मापे. प्रत्येक माप सोळा बिटांचे. सगळे मिळून सेकंदाला सुमारे चौदा लाख बिट होतात. ‘फ्लॅक’ नावाच्या पद्धतीने ते घडी घालून ठेवले तर साधारण निम्म्या जागेत मावतात आणि घडी उलगडल्यावर एक बिटही इकडचा तिकडे झालेला नसतो. एमपीथ्रीत जागा याहूनही कमी लागते, परंतु तेथे काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. आता घरातली जुनी, साधी नेटवर्कची तार सेकंदाला दहा कोटी बिट वाहून नेते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हे काम अंगावरचा केर झटकण्याइतके हलके आहे. नव्या यंत्राची गरज कामामुळे कमी आणि जाहिरातीमुळे अधिक निर्माण होते, हे येथे मनोमन पटले.

ऐकण्याचे यंत्र चिरंजीवांच्या एका मित्राकडून जुने मिळाले. त्याचे नाव स्क्वीझबॉक्स रेडिओ. २००९ साली लॉजिटेक कंपनीने ते बाजारात आणले आणि २०१२ साली त्या जातीची यंत्रे करणे बंद केले. रूप लहानशा रेडिओसारखे. मात्र त्याच्या पोटात स्वतःचे गाणे एकही नसते. ते घरातल्या संगणकाकडे गाणे मागते. संगणकावरचा एक कार्यक्रम ते काढून देतो आणि राउटर ते पोहोचवतो. आमच्या सौ.नी ही गोष्ट एका वाक्यात अण्णांना समजावली: “संगणक म्हणजे कोठीघर, राउटर म्हणजे वाढपी, आणि तुमच्या खोलीतला डबा म्हणजे पान.” यापेक्षा चांगले स्पष्टीकरण आम्हांला अद्याप कुठे मिळालेले नाही.

कोठीघर सांभाळणारा तो कार्यक्रम विनामूल्य आहे आणि त्याची घडण कोणालाही पाहावयास खुली आहे. यामुळेच कंपनीने यंत्रे करणे सोडल्यावरही हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला. २०२४ साली कंपनीने इंटरनेटवरची आपली सेवाही बंद केली आणि त्याच वर्षी या मंडळींनी कार्यक्रमाला ‘लिरिअन’ हे नवे नाव दिले. आमच्या घरात त्या दिवशी काहीच घडले नाही. गाणे घरातल्या कोठीतून येत होते, ते तसेच येत राहिले.

मांडणीत दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या निघाल्या. संगणक राउटरला तारेने जोडला. अण्णांची खोली मात्र दोन भिंतींपलीकडे, आणि आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाड. वायफायच्या एकाहून अधिक पट्ट्या असतात; त्यांतली २.४ गिगाहर्ट्झची संथ पण भिंतींतून बरी जाणारी. या जुन्या यंत्राला तेवढीच समजते, म्हणून राउटरवर ती चालू ठेवली. संगणकाला राउटरकडून कायमचा एकच पत्ता नेमून घेतला, नाहीतर वीज जाऊन आली की यंत्राने जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसावयाचे. संगणक रिकामा असतानाही सुमारे पन्नास वॅट वीज खातो. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला छत्तीस युनिट होतात. म्हणून तो रात्री साडेदहाला आपोआप निजतो आणि पहाटे पावणेपाचला अण्णांच्या आधी उठतो.

हे सर्व दोन रविवारांत झाले. खरे काम कॅसेटींचे होते, आणि त्याला जवळजवळ एक वर्ष लागले. कॅसेट संगणकात उतरवावयाची तर ती तिच्या स्वतःच्या वेगानेच वाजवावी लागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटे. घाई करण्याची सोयच नाही. आमच्या एकशेचाळीस कॅसेटींचे सुमारे एकशेसत्तर तास झाले. डेकचा पट्टा बदलून घेतला, वाचणारे हेड स्पिरिटने पुसले, आणि ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य कार्यक्रमात एकेक बाजू उतरवू लागलो. काही कॅसेटींतली टेपला मागून दाबून धरणारी फेल्टची गादी गळून पडली होती. त्यांतली टेप काढून दुसऱ्या चांगल्या कवचात घालावी लागली. जुन्या कवचांपैकी काहींना स्क्रू नसतात, ती चिकटवलेली असतात, फोडावीच लागतात. नारळ फोडताना पाणी जपावे तशी ती आम्ही फोडली.

या कामात कान पुष्कळ शिकतात. फार दिवस गुंडाळून ठेवलेल्या टेपवर एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते. त्यामुळे गवयाचा पहिला षड्ज लागण्याआधी क्षणभर तोच षड्ज अगदी बारीक, दूरवरून आल्यासारखा ऐकू येतो. टेपची सूं अशी खरखर काढून टाकण्याची सोय संगणकात आहे. आम्ही ती एका कॅसेटीच्या प्रतीवर वापरून पाहिली. खरखर गेली आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची आसही गेली. यंत्राच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्याच: मागे सतत चालणारा मंद आवाज. अण्णा म्हणाले, “राहू दे ती खरखर. पाऊस पडत असताना बैठक चालली आहे असे समजू.” मूळ प्रत होती तशीच ठेवली, आणि पुढच्या कोणत्याही कॅसेटीला हात लावला नाही.

मग नामकरण. हा संगणकी कार्यक्रम परदेशी रिवाजावर बेतलेला. त्याची मुख्य भिस्त गायक, अल्बम आणि गाणे या नात्यांवर. सीडींवरून आलेल्या रोमन नावांत कुमार गंधर्वांचे नाव तीन प्रकारे लिहिलेले होते आणि कार्यक्रमाने कोठीत तीन निरनिराळे कुमार गंधर्व नांदवले होते. शेवटी आम्ही सगळी नावे देवनागरीत लिहिली. संगणकाला आता देवनागरी उत्तम समजते. रागासाठी त्याच्याकडे रकानाच नव्हता, तेव्हा ‘प्रकार’ या रकान्यात, जेथे तिकडची मंडळी ‘जाझ’ अथवा ‘रॉक’ लिहितात, तेथे आम्ही रागाचे नाव घातले. आता ‘मारवा’ म्हटले की अमीर खाँसाहेबांच्या लाँगप्लेवरचा मारवा आणि रेडिओवरून उतरवलेले इतर मारवे एका पंक्तीत येऊन बसतात. सहाशेहून अधिक नोंदी झाल्या. कागद आम्ही वाचून दाखवावा आणि अण्णांनी तो कोणत्या घरी, कोणत्या साथीवर, कोण शेजारी बसले असताना ऐकला ते सांगावे, असा क्रम पडला. पुष्कळ नावे कागदावर नव्हती, फक्त अण्णांच्या जवळ होती. तीही या निमित्ताने उतरली.

त्या यंत्राला सहा बटणे आहेत: पडद्याच्या डाव्या बाजूला तीन, उजव्या बाजूला तीन. प्रत्येकावर एकेक यादी बसवता येते. अण्णांच्या बोटांना ती सापडावीत म्हणून चिरंजीवांनी दोन्ही बाजूंच्या मधल्या बटणावर डिंकाचा एकेक टिपका वाळवला. पाच बटणांवर घरात मतभेद झाला नाही. पहिल्यावर पहाटेचे राग, दुसऱ्यावर अमीर खाँ, तिसऱ्यावर कुमार, चौथ्यावर नाट्यसंगीत, पाचव्यावर ओळखीच्या घरांतल्या बैठकी. सहाव्याचा प्रश्न निघाला तेव्हा प्रथम कोणीच बोलेना.

आई २०१७ साली गेली. तिचा आवाज ज्यात स्पष्ट आहे अशी एकच कॅसेट आमच्याजवळ आहे, ती १९८३ च्या मंगळागौरीची. रात्रीच्या जागरणात आई पुढे म्हणते आहे आणि बाकीच्या बायका मागून धरत आहेत. मागे फुगडीचा धपधप आवाज आहे, ताटांचा आवाज आहे, आणि गल्लीतून कोणी हिंदीत हाक देत जातो तोही आहे. सहाव्या बटणावर ती असावी असे आम्हांला वाटत होते. ताईने हैदराबादेहून फोनवर साफ नको म्हटले. “अरे, ते दिवसभर तेच ऐकत बसतील. जेवायचे नाहीत, झोपायचे नाहीत. जखमेवरची खपली काढण्यासारखे आहे ते. जरा विचार कर.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. सौ.चे म्हणणे असे पडले की, अण्णांना स्वतः निवडता यावे म्हणून एवढा खटाटोप केला आणि आता त्यांच्या वतीने आपणच निवडत बसलो, तर बटणे कशाला हवीत? तेही खोटे नव्हते. शेवटी अण्णांनाच विचारले.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी उलट विचारले, “शेवट कापलात का?”

प्रत्येक बाजू उतरवल्यानंतर चिरंजीव आगेमागेचा रिकामा भाग, खोकला, खुर्च्यांचे आवाज छाटून टाकत. ही कॅसेट अजून छाटावयाची राहिली होती. तसे सांगताच अण्णा म्हणाले, “मग तशीच राहू द्या. गाणी मला पाठ आहेत.” आम्ही ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली तेव्हा त्याचा अर्थ कळला. गाणे संपते, हशा होतो, आणि आई माजघरातून जवळ येत म्हणते, “अहो, बंद करा ना ते आता. उगाच टेप वाया जातेय.” पुढे खट् असा आवाज आणि शांतता. ती नऊ-दहा शब्दांची टेप वाया गेलेली नाही. ती सहाव्या बटणावर आहे, शेवट न कापता.

ताईची भीती खरी ठरली का, असे कोणी विचारील. अण्णा वेळेवर जेवतात. पहाटे त्यांच्या खोलीतून राग ऐकू येतो तेव्हा सौ.ला कळते की चहा ठेवावयाची वेळ झाली. दुपारी बहुधा पाचवे बटण चालते. हा कार्यक्रम कोणती नोंद किती वेळा वाजली ते मोजून ठेवतो. चिरंजीवांनी आम्हांला तो रकाना दाखवावयास घेतला होता. त्या एका नोंदीपुढचा आकडा आम्ही पाहिला नाही आणि पाहणार नाही. तेवढा एकांत माणसाला आपल्या घरात असावा.

मासिक वर्गणी भरून हवे ते गाणे ऐकवणाऱ्या सेवा आज पुष्कळ आहेत आणि आमच्याही घरी त्यांतली एक आहे. तिच्यावर आमचा राग नाही. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी एके काळी मुंबईपर्यंत चौकशी करावी लागे, ती तेथे सहज सापडतात. पण ते भाड्याचे घर आहे. करार संपला की तेथले गाणे आज आहे, उद्या नाही. आणि तेथे आजीच्या ओव्या नाहीत. आपण मराठी माणसे महाराष्ट्राबाहेर ज्या ज्या गावी राहिलो, त्या त्या गावचे पाणी आपल्या बोलण्याला लागले. आमच्या आजीच्या ओव्यांत माळवीचे शब्द आहेत. वडोदऱ्याच्या घरात गुजरातीचे असतील, हैदराबादेत दक्खिनीचे, बेळगावात कानडीचे. हे मराठी कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते असलेच तर आपल्या कपाटांतल्या कॅसेटींवर आहे, आणि त्या कॅसेटी चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत.

म्हणून ज्यांच्याकडे त्या असतील त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. संगणकाची, यंत्राची चिंता मागाहून करावी; ती कामे घरातली तरुण मंडळी करतील. आधी कागद-पेन घेऊन वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि प्रत्येक कॅसेटीवर कोणाचा आवाज आहे ते लिहून घ्यावे. चांगला चालणारा डेक मिळाला तर सोडू नये. आधी घरची ध्वनिमुद्रणे उतरवावीत, बाजारातली नंतर. ती दुसरीकडे मिळतील. दोन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवावी, कारण जुन्या संगणकाची तबकडी सांगून बंद पडत नाही. आमच्या साठ गिगाबाइटांची प्रत हैदराबादेस ताईकडे आहे. उतरवून झालेल्या कॅसेटीही टाकू नयेत. आणि उतरवताना गाणे संपले तरी लगेच बटण दाबू नये; टेप संपेपर्यंत चालू द्यावी.